मुलाच्या कलाने शिकवायचं ठरवलंत? मुंबईतल्या आईबाबांसाठी पायरीपायरीने

आमचा मोठा तिसरीत असताना एके दिवशी गणिताची वही घरी आली. अपूर्णांकांचं पान कोरं होतं आणि खाली लाल शाईत शेरा होता: ‘लक्ष देत नाही, घरी सराव घ्या.’ त्याच संध्याकाळी तो आजीच्या शिलाई मशीनपाशी बसला होता. माझ्या सासूबाई विक्रोळीला कन्नमवारनगरात ब्लाउज शिवून देतात, फॉल-पिको करतात. त्यांनी टेप त्याच्या हातात दिली आणि बाही मोजायला सांगितली. “सव्वासात,” तो म्हणाला. “शिवणीला पाऊण इंच धर. किती झालं?” “आठ.” क्षणभरही थांबला नाही. मी ओट्याशी कांदा चिरत होते, आणि ती लाल शेऱ्याची वही माझ्या समोरच पडली होती.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही शाळा बघितल्या, माणसं गाठली, चुका केल्या. चौथी झाल्यावर मोठ्याला शाळेतून काढलं. धाकटी मात्र आजही जवळच्या मराठी शाळेत जाते आणि आनंदात आहे. मोठा आता पंधरा वर्षांचा आहे आणि मुक्त विद्यालयातून दहावीचे विषय एकेक करून देतोय. या वाटेवर पहिल्या दिवशी मला जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी पंधरा दिवस नुसतं मूल बघा

बहुतेक जण सुरुवात पद्धतीपासून करतात. मॉन्टेसरी चांगली की वॉल्डॉर्फ, होमस्कूलिंग जमेल का, फी किती. आम्हीही तेच केलं आणि चार महिने घालवले. पद्धत नंतर. आधी एक दोनशेपानी वही आणा आणि मूल घरी असताना रोज दोन-तीन नोंदी करा: किती वाजता, काय करत होता, किती वेळ टिकला, आपणहून केलं की कुणी सांगितलं म्हणून. हुशार, आळशी, चंचल, हट्टी हे शब्द वहीत लिहायचेच नाहीत. हा नियम पाळणं अवघड जातं, पण तो पाळला तरच वहीचा उपयोग होतो.

माझ्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा देते.

‘मंगळवार, पावणेपाच. आजीच्या डब्यातली बटणं काढून बसला. रंगाप्रमाणे नाही, भोकांप्रमाणे वेगळी केली. दोन भोकांची, चार भोकांची, मागे कडी असलेली. पंचवीस मिनिटं. कुणी सांगितलं नव्हतं.’

‘बुधवार, सव्वासहा. इंग्रजीचा गृहपाठ. चार मिनिटं. दोनदा पाणी प्यायला उठला. पेन्सिलीचं टोक तीनदा केलं.’

पंधरा दिवसांनी सगळं एकत्र वाचलं, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. त्याच्या उत्तराची समोरच्या माणसाला खरोखर गरज असेल, तर तो तासभर बसतो. आजीला बाहीचं माप हवंच असतं. पुस्तकातल्या गणिताचं उत्तर मात्र कुणालाच नको असतं, तेही त्याला कळत होतं. धाकटीची वही अगदी निराळी निघाली. ती भांडी ओळीत मांडून हजेरी घ्यायची, बाई व्हायची, शाळेतली गाणी म्हणायची. तिला बाक, घंटा, मैत्रिणी सगळं हवं होतं. एका घरातल्या दोन मुलांसाठी एकच निर्णय घेऊ नका.

याच पंधरा दिवसांत आणखी एक काम उरका. मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारं मूल ‘लक्ष देत नाही’ असंच दिसतं. अक्षरं उलटी लिहिणं, वाचताना ओळ सुटणं असं वारंवार होत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या टिळक रुग्णालयात आणि नायरमध्ये ही तपासणी होते, प्रमाणपत्रही मिळतं. त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. काही मुलांना शाळा बदलण्याची गरजच नसते, एवढीच मदत पुरते.

२. पद्धतींची तोंडओळख, दारात उभं राहून ओळखता येईल इतकी

मॉन्टेसरी. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, शिक्षक घडवत राहिल्या. खऱ्या मॉन्टेसरी वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र बसतात, वयाप्रमाणे वेगळी नाही. सकाळी सलग अडीच-तीन तास मूल आपण निवडलेलं काम करतं. मध्ये घंटा नाही, ‘चला, आता चित्रकला’ नाही. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. मूल ते रचतं, चुकलं तर मनोराच ते दाखवून देतो, बाईंना बोलावं लागत नाही.

वॉल्डॉर्फ. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९१९ साली जर्मनीत श्टुटगार्टला सुरू केलेली पद्धत. सातव्या वर्षापर्यंत अक्षरांची घाई नाही. गोष्टी, गाणी, मातीकाम, विणकाम, ऋतूंचे सण. मुलं पाठ्यपुस्तकाऐवजी आपली वही आपणच चित्रांसकट तयार करतात. टीव्ही-मोबाइल घरीही कमी ठेवा, असा आग्रह असतो. मुंबईत अंधेरीला त्रिधा आणि इनोदय या शाळा या वाटेने चालतात. मूल सहा वर्षांचं झालं तरी वाचत नाही म्हणून तुमची झोप उडणार असेल, तर ही शाळा तुम्हाला मानवणार नाही, शाळा कितीही चांगली असो.

आपली स्वतःची परंपरा. ही बहुतेकांना शेवटी कळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला जाऊन ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी महाग साधनं परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या घेऊन तीच तत्त्वं वापरली. ज्या घरातली मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तिथे अंगणात जाऊन शाळा भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. आज फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्याची अक्षरनंदन, नाशिकचं आनंद निकेतन, कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी सुरू केलेलं सृजन आनंद या शाळा मराठीतून हेच काम करतात. मुंबईहून रोज जाणं शक्य नाही, पण एकदा बघून या. नंतर शहरातली कुठलीही शाळा बघताना नजर तयार झालेली असते.

मुंबईत अडचण अशी की वेगळ्या पद्धतीच्या बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत. घरात मराठी बोलणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तुला हवं ते निवड’ असं परक्या भाषेत सांगितलं, तर त्याला निवडता कसं येणार? निवड करायला, प्रश्न विचारायला, नाही म्हणायला भाषा लागते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: चांगल्या बाई असलेली साधी मराठी शाळा ही सुद्धा मुलाच्या कलाने शिकण्याची वाट असू शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरची भाषा माध्यम असावी असं म्हटलं आहे. इंग्रजी माध्यमच हवं असेल आणि फी परवडत नसेल, तर वरळी-परळ भागातल्या महापालिकेच्या काही शाळा मुक्तांगण ही संस्था चालवते, त्या बघा. वस्तीतल्याच बायकांना शिक्षक म्हणून तयार करून तिथे कृतीतून शिकवलं जातं.

घरून शिक्षण. याचे दोन प्रकार. एकात आईबाबा अभ्यासक्रम ठरवून घरी शिकवतात. दुसऱ्यात, ज्याला अनस्कूलिंग म्हणतात, मूल जे करतंय त्याच्या मागोमाग शिक्षण जातं. हा शब्द जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने १९७० च्या दशकात रूढ केला. आमचं घर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. गणित आणि भाषा रोज, बाकी त्याच्या मनाने.

३. शाळा बघायला जाल तेव्हा

मॉन्टेसरी हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं, त्यावर कुणाची मालकी नाही. त्यामुळे गल्लीगल्लीत ‘मॉन्टेसरी’ आहेत, आणि आत गेल्यावर तीन वर्षांची मुलं ओळीत बसून एबीसीडी गिरवत असतात. पाटीवर विश्वास ठेवू नका. वर्ग चालू असताना अर्धा तास मागे बसू द्या म्हणून विनंती करा. सुट्टीच्या दिवशी रिकामा वर्ग दाखवणाऱ्या शाळेतून काही कळत नाही.

बसलात की भिंती बघू नका, त्या सगळीकडे रंगवलेल्या असतात. हे बघा:

– मूल चुकलं तर बाई काय करतात? लगेच दुरुस्त करतात की थांबतात?
– साधनं मुलांच्या हाताला येतील अशी खाली आहेत की काचेच्या कपाटात?
– अर्ध्या तासात किती वेळा ‘शांत बसा’ ऐकू आलं?
– एखादं मूल काहीच न करता खिडकीतून बघत बसलं असेल, तर त्याला तसं बसू देतात का?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका शाळेत मी पाहिलं, एक मुलगी वीस मिनिटं नुसती दुसऱ्यांचं काम बघत होती. ताई दुरून लक्ष ठेवून होत्या, काही बोलल्या नाहीत. एकविसाव्या मिनिटाला ती उठली, मणी घेऊन बसली आणि मी निघेपर्यंत तिथेच होती.

मग ऑफिसात जाऊन तीन प्रश्न विचारा. शिक्षकांचं प्रशिक्षण कुठून झालं? शाळेला सरकारी मान्यता कितवीपर्यंत आहे? आणि आठवी-दहावीला इथली मुलं कोणत्या मंडळाची परीक्षा देतात? मान्यतेचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, आणि छोटी ‘लर्निंग सेंटर’ बरीचशी मान्यता नसलेली असतात. ती वाईटच असतील असं नाही, पण तिथला दाखला पुढे चालत नाही. मग कागदोपत्री तुमचं मूल घरी शिकणारंच ठरतं, आणि ते आधी माहीत असलेलं बरं.

पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घ्यायला कायद्याने मनाई आहे, कलम १३ बघा. ‘पालकांचं मत जाणून घेतो’ या नावाखाली तुमची नोकरी आणि पगार विचारला जात असेल, तर तिथेच समजून घ्या. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मूल सीमेवर असेल तर घाई करू नका. मिळालेलं एक वर्ष खेळायला द्या.

४. घरी शिकवणं कायदेशीर आहे का

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम १० मध्ये आईबाबांचं कर्तव्य सांगितलं आहे. पण ते न केल्यास आईबाबांना शिक्षा या कायद्यात नाही. घरी शिकण्याला परवानगी देणारं किंवा त्याची नोंदणी करणारं कलमही नाही. म्हणजे रस्ता बंद नाही, पण त्यावर पाटीही लावलेली नाही. हे नीट समजून, घरात बोलूनच पाऊल उचला.

व्यवहारात दोन गोष्टी घडतात. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरी येऊ शकतात. त्यांना बाहेर ताटकळत ठेवू नका. आत बोलवा, पाणी द्या, मुलाच्या वह्या दाखवा. आमच्याकडे आलेल्या बाईंनी आधी काळजीने विचारपूस केली, मग अर्धा तास त्याचं काम बघत बसल्या. दुसरं म्हणजे, कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेलं मूल वयानुरूप वर्गात परत प्रवेश घेऊ शकतं. चौदा वर्षांपर्यंत परतीची वाट खुली आहे. आमच्या घरात निर्णय झाला तो या एका कलमाच्या आधारावर. सासऱ्यांना ते वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा विरोध मावळला.

५. शाळा सोडण्याआधी हे कागद हातात हवेत

मुलाच्या शिक्षणात मोकळेपणा हवा असेल तर कागदांच्या बाबतीत काटेकोर राहा. आमची सगळ्यात मोठी दमछाक इथे झाली.

– जन्मदाखला, मुलाच्या नावासह. मुंबईत अनेकांकडे नाव नसलेला जन्मदाखला असतो, कारण तो बाळ बारा दिवसांचं व्हायच्या आत काढलेला असतो. नाव घालून घ्यायला नोंदणीपासून पंधरा वर्षांची मुदत असते. वॉर्ड ऑफिसात जाऊन आजच बघा.
– आधार कार्ड. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवी, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा.
– शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. मूळ प्रत, आणि तिच्या पाच-सहा झेरॉक्स.
– आतापर्यंतची सगळी प्रगतिपुस्तकं.
– सरल आणि यूडायस या सरकारी ऑनलाइन नोंदींमधला विद्यार्थी क्रमांक, शाळेकडून लिहून घ्या.
– जात प्रवर्ग लागू असेल तर मुलाचा जातीचा दाखला आणि वडील-आजोबांचे शाळेचे दाखले.
– रहिवासाचा पुरावा आणि पासपोर्ट फोटो.

एलसी हातात मिळाला की शाळेच्या दारातच उभं राहून वाचा. आमच्या एलसीवर सोडण्याचं कारण ‘सतत गैरहजर’ असं पडलं होतं आणि आईच्या नावात चूक होती. घरी आल्यावर लक्षात आलं. ते बदलून घ्यायला पाच खेपा आणि अडीच महिने गेले. अर्जातच तुम्ही कारण लिहून द्या: ‘पालकांच्या विनंतीवरून’. दाखला लगेच देणं ही मुख्याध्यापकांची जबाबदारी आहे, कलम ५ तसं सांगतं. पण भांडायला जाऊ नका. त्या शाळेत उद्या परत जावं लागू शकतं.

जातीचा दाखला मूल लहान असतानाच काढून ठेवा. तो काढताना मुलाचा शाळेचा दाखला पुरावा म्हणून मागतात. शाळा सुटली आणि एलसीवर जात नोंदलेली नसेल तर पुढे फार धावपळ होते.

६. पहिले सहा महिने

आम्ही पहिल्याच आठवड्यात फळा आणला, वेळापत्रक भिंतीवर लावलं, नऊ ते बारा वर्ग. तिसऱ्या आठवड्यात मूल रडत होतं आणि मीही. घरात शाळा भरवली की तिथे आई उरत नाही, नुसत्या बाई उरतात. वेळापत्रक मी स्वतः काढून टाकलं.

शाळेची सवय अंगातून उतरायला वेळ लागतो. शाळेत जितकी वर्षं गेली, वर्षाला निदान एक महिना तरी मोकळा द्या. त्या काळात मूल लोळेल, कंटाळा येतो म्हणेल, टीव्ही मागेल. टीव्ही-मोबाइलची मर्यादा ठेवा, कंटाळ्याला मर्यादा ठेवू नका. आमच्याकडे पाचव्या आठवड्यात तो कंटाळून आजीच्या मशीनला तेल घालायला बसला. मशीन कशी चालते हे विचारलं. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कुठे गुंततात हे कागदावर काढून बघितलं. त्या एका प्रश्नावर सहा आठवडे गेले. चाकं, पट्टे, वेग, मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात छोटं चाक किती फिरतं. गुणोत्तर मी त्याला शिकवलं नाही, फक्त त्याने शोधून काढलेल्या गोष्टीला नाव दिलं.

साधनं विकत घेऊ नका. वन बीएचकेमध्ये ठेवायला जागा नसते आणि गरजही नसते. मटकी-मूग-वाल निवडणं, मटार सोलणं, कणीक भिजवताना पाण्याचा अंदाज, किराण्याची यादी, लाइटबिल. मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मुलाच्या कानावर रोज पडतात. ते वापरा. माझ्या मुलाला ‘वन बाय फोर’ अडलं होतं, पाव कधीच अडला नव्हता.

नोंदवही चालूच ठेवा. आठवड्याला एक पान: काय केलं, कुठे गेलो, काय वाचलं, एखादा फोटो. सर्वेक्षणाला, परत प्रवेशाला, आणि तुमच्या स्वतःच्या धास्तावलेल्या रात्रींना हीच वही कामी येते.

७. मुंबईत कुठे न्यायचं

मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, वरळीला नेहरू विज्ञान केंद्र. फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळं दालन आहे, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय. एका फेरीत सगळं दाखवायचा हट्ट धरू नका. आम्ही भाऊ दाजी लाडमध्ये एका दुपारी फक्त जुन्या मुंबईच्या छोट्या प्रतिकृती बघितल्या आणि परत आलो.

धारावीला माहीमच्या खाडीलगत महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी कचराभूमी होती, त्यावर जंगल उभं केलं. मुलाला आधी हे सांगा, मग आत न्या. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरीची लेणी हिवाळ्यात. ओहोटीची वेळ बघून गिरगाव किंवा हाजी अलीच्या खडकांवर जा. खेकडे, समुद्रफुलं, शंखातले जीव तिथे दिसतात, पण भरती सुरू व्हायच्या आत परत फिरा आणि पायात घट्ट बूट हवेत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं आहे. वाचनालयाचं सभासदत्व ही सगळ्यात स्वस्त शाळा.

सोबतीचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो खरा आहे. आठवड्यातून तीन दिवस मैदानात ठरलेल्या मुलांबरोबर खेळ, एक ठरलेला वर्ग (आमच्याकडे तबला), आणि महिन्यातून एकदा घरी शिकणाऱ्या इतर मुलांच्या भेटी. स्वशिक्षण ही भारतातल्या घरी शिकणाऱ्या कुटुंबांची संघटना आहे, तिच्यातून मुंबईतली कुटुंबं भेटतात. मराठी घरं कमी असतात. दोन-तीन भेटली तरी जपा.

८. दहावीचं काय

हे सहावी-सातवीच्या वयात ठरवा, चौदाव्या वर्षी नाही. वाटा चार आहेत.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ पासून चालू असलेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. दहावीसाठी चौदा वर्षं पूर्ण हवीत. आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर स्वतःचं घोषणापत्र चालतं. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. दहावी मराठी माध्यमातून देता येते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात, म्हणून विषय एकेक करून देता येतात. आम्ही पहिले दोन असेच दिले. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायाला वीस टक्के वजन आहे, तो वेळेत दिला नाही तर फुकटचे गुण जातात. महाराष्ट्राचं प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. लहान मुलांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्याही आहेत.

इथला सापळा म्हणजे दलाल. ‘गॅरंटीने पास’ म्हणणाऱ्या क्लासवाल्यांच्या पाट्या स्टेशनाबाहेर लागलेल्या असतात. अर्ज ऑनलाइन आपला आपण भरता येतो. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका आणि लॉगिन, मोबाइल नंबर स्वतःचाच ठेवा.

महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा पातळ्या, मराठीतून.

सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची नेहमीची दहावी बाहेरून द्यायची वाट. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून पायरी पाच.

केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, खासगी विद्यार्थी म्हणून. विषयागणिक फी, आणि ती बाकीच्या वाटांच्या कित्येक पट. परदेशी जायचं पक्कं असेल तरच.

पुढचं म्हणाल तर एनआयओएसची बारावी झालेली मुलं जेईई, नीटला बसू शकतात. २०१६ साली मुंबईतल्या एका मुलीला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला होता. तिच्यामागे संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची पदकं होती. नातेवाइकांना हे उदाहरण सांगायला बरं वाटतं, पण आपल्या मुलाचं नियोजन त्यावर बांधू नका. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र हवंच, असं धरून चाला. आणि अकरावीला कॉलेजात जायचं असेल तर परीक्षा एप्रिल-मेची धरा. ऑक्टोबरच्या परीक्षेत शेवटचा विषय ठेवला तर जूनच्या प्रवेशापर्यंत मधले महिने जातात.

९. पैसा, वेळ आणि घरातली माणसं

घरून शिकवणं फुकट नसतं. एकाचा पगार कमी होतो. मी पूर्ण वेळची नोकरी सोडून अर्ध्या वेळेची धरली, नवऱ्याने शनिवारची सुट्टी मागून घेतली, सासूबाई दुपारी घरी असतात म्हणून हे जमलं. घरात दिवसभर एक तरी मोठं माणूस नसेल तर हा मार्ग धरू नका. तेव्हा चांगली शाळा आणि संध्याकाळचे दोन मोकळे तास हेच मुलासाठी उत्तम.

सासू-सासरे, आईबाबा यांना निर्णय झाल्यावर सांगू नका, आधी सोबत घ्या. आजी-आजोबांना काळजी असते ती मुलाच्या पोटापाण्याची, आणि ती रास्त आहे. त्यांना एखादं काम द्या. आमच्याकडे शिवण आजीचं, जमाखर्च आणि पोस्ट-बँकेची कामं आजोबांची. आता शेजारच्या काकूंनी ‘शाळेत का नाही जात?’ विचारलं की उत्तर आजोबाच देतात.

१०. परत शाळेत जायचं म्हणालं तर

मूल म्हणालं की मला शाळेत जायचंय, तर ते ऐकायचं. त्याच्या कलाने चालायचं ठरवलं, तर त्यात हेही आलं. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, आम्ही मोठ्याला विचारतो. दोनदा तो नको म्हणाला, एकदा आठ दिवस मागून घेतले विचाराला. धाकटीलाही विचारतो, ती दर वेळी शाळाच म्हणते.

जायचं ठरलं तर जूनची वाट बघू नका. एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना भेटा, सोबत जन्मदाखला, आधार, जुना एलसी आणि नोंदवह्या न्या. प्रवेश वयानुरूप वर्गात मागा, आणि मागे पडलेल्या विषयांसाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद कलम ४ मध्ये आहे हे नम्रपणे सांगा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेऊन मगच बाहेर पडा.